मोफत वकील : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची सेवा कशी आहे?

कार्यालय बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जायला जमत नसेल तर १५१०० या हेल्पलाइनला फोन लावा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर हे कलम सांगायचं. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या.

खरी मेख पुढे आहे. घरगुती हिंसाचाराचा अर्ज नुसता "त्रास देतात" एवढ्यावर लंगडा पडतो. तारीख, जागा, काय झालं, कोणी पाहिलं, दवाखान्याचा कागद, सगळं संरक्षण अधिकाऱ्याच्या (अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अहवालात यायला हवं. तो अधिकारीही फुकटच मदत करतो. खर्चाला पैसे किंवा घरात राहण्याचा हक्क लगेच हवा असेल तर अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज सोबतच द्या. तो राहून जातो आणि महिने जातात. पहिली तारीख तीन दिवसांत अपेक्षित असते, प्रत्यक्षात, असो.

वकील तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून बदलून मागता येतो. फीच्या नावाखाली एक रुपयाही देऊ नका.

रात्रीच घर सोडावं लागलं तर आधी १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) लावा. सखी केंद्रात, म्हणजे हिंसाचार सोसलेल्या महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, तात्पुरता निवाराही मिळतो.