पोर्टलच्या शेवटचं गाणं: "मी कुठे रागावलेय?"

आधीच सांगतो, पोर्टल हा कॉम्प्युटर गेम खेळायचा असेल तर इथेच थांबा, कारण शेवट फोडल्याशिवाय 'स्टिल अलाइव्ह' या गाण्याबद्दल काही बोलताच येत नाही.

गेम २००७ चा, मी फारच उशिरा सेलमध्ये घेतला. छोटा आहे, तीन-चार तासांत होतो, मी रात्री दोनला संपवला. शेवटी त्या ग्लॅडॉसचे, म्हणजे आपल्यावर प्रयोग करत अख्खा गेमभर टोमणे मारणाऱ्या कॉम्प्युटर बाईचे, एकेक तुकडे भट्टीत टाकायचे असतात. टाकले. गेली एकदाची, हुश्श. मग एक केक दिसतो, मेणबत्ती विझते, स्क्रीन काळी होते आणि जुन्या कॉम्प्युटरसारखी केशरी अक्षरं टाइप व्हायला लागतात आणि हीच बाई गायला लागते!

तेही चिडून नाही हं, एकदम गोडीत. आमची एक आत्या आहे, लग्नात मानपान चुकलं की "मी कुठे रागावलेय, मजेत आहे मी" म्हणत सगळ्यांना जिलेबी वाढत फिरते आणि वाढता वाढता कोणी काय केलं तेही ऐकवते, हुबेहूब तसं. तू मला मारलंस, जाळलंस, असू दे, प्रयोग छान झाला. मी खुर्चीत बसून एकटाच हसत होतो आणि थोडं गिल्टीपण वाटत होतं.

'स्टिल अलाइव्ह' लिहिलंय जोनाथन कोल्टनने. हा माणूस आधी प्रोग्रामर होता, ते कळतं, कारण गाणं ऑफिसच्या रिपोर्टसारखं सुरू होतं. गायलंय एलन मक्लेनने, ग्लॅडॉसचा आवाज तिचाच. बाई ऑपेरा शिकलेली, पण इथे आवाज असा सपाट मशीनसारखा ठेवलाय की जिथे जरासा वर जातो तिथे काटा येतो. भारी ऑर्केस्ट्रा लावला असता तर सगळी मजा गेली असती.

एक तक्रार आहे. डावीकडे गाण्याचे शब्द, उजवीकडे टीमची नावं, त्याखाली अक्षरं-चिन्हं जुळवून काढलेली चित्रं, डोळे शब्दांवरून हलतच नाहीत, त्यामुळे ज्यांच्यासाठी क्रेडिट्स असतात त्यांचं एक नाव वाचलं असेल तर शपथ.

दुसऱ्यांदा खेळायला घेतला तर पहिल्याच खोलीत रेडिओवर हीच चाल वाजत होती, नुसतं म्युझिक. म्हणजे सुरुवातीपासून कानावर घालत होते आणि मला पत्ताच नाही!

२०११ च्या पोर्टल २ च्या शेवटीपण याच दोघांचं गाणं आहे, 'वॉन्ट यू गॉन', चांगलंय, पण तोवर आपण गाण्याची वाटच बघत असतो ना.

आणि हो, गेम न खेळता नुसतं यूट्यूबवर ऐकू नका. बहिणीला ऐकवलं तर म्हणाली, "बरंय, बालगीत आहे का?" आता तिला गेमच लावून दिलाय. तेराव्या चेंबरला, म्हणजे लेव्हलला, अडकलीये, मी काही सांगत नाहीये.