चार ओहम की आठ ओहम: अ‍ॅम्प्लिफायरवर पडणारा भार

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात स्पीकर घेताना वॅट सगळेच विचारतात. अ‍ॅम्प्लिफायरचे आयुष्य मात्र बऱ्याच अंशी स्पीकरच्या पाठीवर छापलेल्या ओहमवर, म्हणजे तो विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो त्यावर, ठरते. अ‍ॅम्प्लिफायरने 20 व्होल्ट दिले, तर 8 ओहमचा स्पीकर 2.5 अँपिअर प्रवाह ओढून 50 वॅट घेतो, तर 4 ओहमचा 5 अँपिअर ओढून 100 वॅट घेतो. आवाज वाढतो खरा, पण आउटपुट ट्रान्झिस्टरमधली उष्णताही जवळपास दुप्पट होते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला असताना हीटसिंकला (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाला) ती बाहेर टाकायला फारसा वाव उरत नाही. शिवाय छापील आकडा नाममात्र असतो. आवाजाच्या वारंवारतेनुसार प्रतिबाधा, म्हणजे हाच ओहममधला विरोध, बदलते आणि 4 ओहमचा स्पीकर काही ठिकाणी 3.2 ओहमपर्यंतही उतरू शकतो. लांब वायरीचा फरकही लहान नाही: वायरीचा रोध 0.4 ओहम असेल, तर 8 ओहमच्या जोडणीत सुमारे 5 टक्के, 4 ओहमच्या जोडणीत सुमारे 9 टक्के शक्ती तिच्यातच वाया जाते.

मंडपात अ‍ॅम्प्लिफायरच्या एका चॅनेलवर (एका आउटपुटवर) स्पीकरच्या दोन पेट्या समांतर जोडायच्या असतील, तर मी ठामपणे 8 ओहमच सुचवेन, कारण त्या मिळून 4 ओहम होतात. 4 ओहमच्या दोन पेट्या 2 ओहमवर येतात आणि तो भार अनेक अ‍ॅम्प्लिफायरना झेपत नाही. गाडीतल्या 12 व्होल्टच्या जोडणीत व्होल्टेजच तुटपुंजे असल्याने 4 ओहम योग्य ठरतात.