मूडल दोन सत्रे वापरल्यानंतर : मराठी उत्तरांच्या तपासणीचा अनुभव

द्वितीय वर्ष कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या अंतर्गत चाचणीत ‘आधुनिक अर्थशास्त्राचे जनक कोणाला म्हणतात?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. ‘ॲडम स्मिथ’ हे बरोबर उत्तर लिहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या घेण्याच्या प्रणालीने शून्य गुण दिले. निकाल लागताच एका विद्यार्थिनीने स्वतःचे उत्तर आणि पडद्यावर दिसणारे नमुना उत्तर यांचे चित्र पाठवून विचारले, “मॅडम, दोन्हींत फरक काय आहे?” डोळ्यांना दिसेल असा कोणताही फरक त्यात नव्हता. माझ्या मते मराठी माध्यमातून शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने मूडल स्वीकारण्यापूर्वी ही एकच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, म्हणून या लेखातील बराचसा भाग मी त्या गोष्टीलाच देणार आहे.

मूडल म्हणजे काय, ते कसे बसवायचे, अभ्यासक्रम कसा उभा करायचा, हे येथे सांगत नाही. ती माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. २००२ पासून चालत आलेली ही मुक्त स्रोत प्रणाली आहे, तिला परवाना शुल्क नाही, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या विनाअनुदानित तुकडीला ती परवडते, एवढे पुरे. पैशाचा विचार मी या लेखात वारंवार करणार आहे, कारण आमच्या विभागाला डिजिटल साधनांसाठी जो निधी मिळतो, त्यात वार्षिक वर्गणीच्या खासगी सेवा बसतच नाहीत.

आता त्या शून्याविषयी. ‘ॲडम’ या शब्दातले पहिले अक्षर संगणकात तीन प्रकारे साठवले जाऊ शकते. ॲ हे स्वतंत्र, एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाणात, २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी आधी अ आणि मग त्यावर अर्धचंद्राची खूण अशी दोन चिन्हांची जोडणी वापरली जाते. तिसरा प्रकार ऍ हा, ज्याचा पाया ए आहे. पहिले दोन प्रकार बहुतेक फाँटमध्ये पडद्यावर हुबेहूब एकसारखे दिसतात. तुलना करणाऱ्या यंत्राला मात्र ते वेगळेच असतात. एका विद्यार्थ्याच्या फोनवरचा कळफलक पहिला प्रकार देतो, दुसऱ्याचा दुसरा, आणि तिसऱ्याने जुन्या नोट्समधून नाव उचलून चिकटवलेले असते. नमुना उत्तर मी ज्या कळफलकाने टंकले, त्याच्याशी ज्यांचा कळफलक जुळला त्यांना गुण मिळाले. अर्थशास्त्राच्या ज्ञानाचा या गुणाशी संबंधच उरला नाही.

हे एका अक्षरापुरते असते तर सोडून दिले असते. आमच्या विषयात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘बँक’ आहे, आणि तो ब वर चंद्रबिंदू देऊनही लिहिला जातो, ब वर अर्धचंद्र आणि त्यापुढे अनुस्वार देऊनही लिहिला जातो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला र नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असलेल्या स्वतंत्र ऱ पासूनही होतो, आणि साध्या र ला हलन्त व त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लावूनही होतो. येथे मूडलची बाजूही सांगायला हवी. युनिकोडने ज्या दोन रचना समतुल्य ठरवल्या आहेत, त्या तुलनेपूर्वी मूडल एकरूप करून घेते. र आणि त्याखाली स्वतंत्र नुक्ता असे कोणी टंकले, तर ते ऱ शी बरोबर जुळते. परंतु ॲ चे तीन प्रकार, ‘बँक’चे दोन प्रकार आणि अदृश्य जोडचिन्हाचा र हे युनिकोडच्याच तक्त्यात परस्परांशी समतुल्य मानलेले नाहीत, त्यामुळे तेथे ही सोय अपुरी पडते. अंकांचीही तीच गत आहे. रिझर्व्ह बँकेचे स्थापना वर्ष विचारणाऱ्या संख्यात्मक प्रश्नाला ज्यांनी १९३५ असे देवनागरी अंकांत लिहिले, त्यांचे उत्तर संख्या म्हणून स्वीकारलेच गेले नाही. इंग्रजी अंकांत लिहिलेले तेच वर्ष बरोबर ठरले. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने मराठी अंक लिहिल्याबद्दल त्याचा गुण जावा, हे मला अजिबात मान्य नाही.

त्या आठवड्यात मी मूडल बंद करून बहुपर्यायी प्रश्नांच्या साध्या ऑनलाइन फॉर्मकडे परतण्याचे ठरवले होते. ते केले नाही, याचे कारण चाचणीच्या आकडेवारीचा अहवाल. मूडल प्रत्येक प्रश्नासाठी सुलभता निर्देशांक देते, म्हणजे त्या प्रश्नाला वर्गाने सरासरी किती टक्के गुण मिळवले ते. आणि भेदक निर्देशांक देते, म्हणजे त्या प्रश्नातील गुण आणि उरलेल्या चाचणीतील गुण यांचा किती मेळ बसतो ते. ॲडम स्मिथच्या प्रश्नाची सुलभता कमी होती आणि भेदक निर्देशांक शून्याच्या आसपास होता. खरोखर कठीण प्रश्नाचे चित्र असे नसते. कठीण प्रश्न हुशार विद्यार्थी सोडवतात आणि इतरांचा चुकतो, त्यामुळे भेदक निर्देशांक चांगला राहतो. येथे हुशार आणि अभ्यासात मागे असलेले विद्यार्थी सारख्याच प्रमाणात नापास झाले होते, म्हणजे प्रश्न ज्ञानाची नव्हे, कळफलकाची परीक्षा घेत होता. कागदावरच्या चाचण्या इतकी वर्षे तपासताना माझ्या एकाही प्रश्नाविषयी इतकी स्पष्ट माहिती मला कधी मिळाली नव्हती. ज्या साधनाने अन्याय केला, त्यानेच तो दाखवूनही दिला, आणि माझे मत तेथे बदलले.

उपाय साधा आहे, पण तो कोणी सांगत नाही. लघुउत्तरी प्रश्नाच्या नमुना उत्तरात तारकाचिन्ह दिले, की त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात. त्यामुळे नमुना उत्तर ‘*डम स्मिथ’ असे ठेवले, की पहिले अक्षर कसेही साठवलेले असो, उत्तर जुळते. ‘*रिझर्व्ह ब*क*’ असे लिहिले, की दोन्ही प्रकारची ‘बँक’ आणि तिच्याआधी लिहिलेले ‘भारतीय’ हेही सामावले जाते. वर्ष विचारायचे असेल तर संख्यात्मक प्रकार टाळून लघुउत्तरी प्रकारच घ्यावा, आणि देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही अंकांतील वर्ष स्वतंत्र नमुना उत्तरे म्हणून नोंदवावे. तारकाचिन्ह सैल असते हे खरे. ‘रिझर्व्ह ब*क’ मध्ये भलताच शब्दही बसू शकतो. पण चुकीच्या उत्तराला क्वचित एखादा गुण जाणे आणि बरोबर उत्तराचा गुण नियमितपणे कापला जाणे, यांत मी पहिली जोखीम निःशंकपणे पत्करीन. चाचणी झाल्यावर उत्तरांचा अहवाल उघडून शून्य मिळालेली उत्तरे एकदा नजरेखालून घालावीत, नमुना उत्तरात हवी ती भर घालावी आणि फेरमूल्यांकनाची आज्ञा द्यावी. सर्वांचे गुण एकाच वेळी सुधारतात. आवृत्ती ४.० पासून प्रश्नांच्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे काय बदलले याचा पुरावाही राहतो, आणि अंतर्गत गुणांविषयी कोणी शंका घेतली तर तो दाखवता येतो.

बाकीच्या बाबी मी थोडक्यात उरकते. मराठी भाषापॅक आहे, पण त्यात बरेच शब्द इंग्रजीतच राहिलेले दिसतात. विद्यार्थ्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली आमची प्रश्नपेढी जशीच्या तशी चढवणे शक्य नव्हते, ती रूपांतरित करून प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करावी लागली, आणि त्यात एक सुट्टी गेली.

होस्टिंग देणाऱ्या, म्हणजे मूडलसाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेशी मात्र नाहक झगडावे लागले. मूडल ज्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालते, तीत फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी असते, आणि ती वाढवणे हा सर्व्हरवरील एका साध्या बदलाचा प्रश्न आहे. सेवेच्या मदत कक्षाने तो बदल करण्याऐवजी महागडी योजना घेण्याचा सल्ला दिला. लेखी आग्रह धरल्यावर तीच मर्यादा आहे त्याच योजनेत, एकाही रुपयाविना वाढली. शिवाय मूडलची पार्श्वभूमीतील कामे दर मिनिटाला चालवण्याची शिफारस आहे. स्वस्त योजनांत ती बऱ्याच अंतराने चालतात. विद्यार्थ्याने पान बंद केले असेल, तर वेळ संपल्यावर चाचणी आपोआप जमा होणे या कामांवर अवलंबून असते, त्यामुळे अशा चाचण्या उशिरा जमा झालेल्या दिसतात. योजना घेण्यापूर्वी हे दोनच प्रश्न विचारावेत.

मर्यादा वाढल्यावरही मी व्हिडिओ फारसे चढवले नाहीत. ६४ केबीपीएस एकल ध्वनीमुद्रणाला एका मिनिटाला सुमारे अर्धा एमबी लागतो, म्हणजे वीस मिनिटांचे व्याख्यान दहा एमबीच्या आत बसते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या गावी रेंज सायंकाळी जाते, काहींच्या घरी एकच फोन तीन भावंडांत फिरतो. महाविद्यालयाच्या वाय-फायवर मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये उतरवून घेतलेले ध्वनीमुद्रण एसटीत, शेतात, कोठेही ऐकता येते. मागणीवक्राची आकृती वेगळ्या चित्रफाइलीत दिली की व्हिडिओवाचून काहीही अडत नाही. वेळेची मर्यादा नसलेली सराव चाचणीही ॲपमध्ये उतरवून नेटशिवाय सोडवता येते, आणि नेट आल्यावर तिची उत्तरे पोहोचतात. ज्यांच्याकडे दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्या विद्यार्थ्यांनी ही सोय सर्वांत जास्त वापरली.

पुढील सत्रासाठी मी तीच स्वस्त योजना पुन्हा घेतली आहे. तारकाचिन्हांसह तपासून घेतलेली आमची लघुउत्तरी प्रश्नपेढी मूडल एक्सएमएल या, दुसऱ्या मूडलमध्ये चढवता येणाऱ्या फाइल स्वरूपात उतरवून शेजारच्या दोन महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना दिली आहे, म्हणजे ‘बँक’ शब्दापायी त्यांच्या विद्यार्थ्यांचा गुण जाणार नाही. तुलनेपूर्वी मराठीतील अशी समान दिसणारी अक्षरे एकरूप करणारा छोटा प्लगइन (मूडलला जोडता येणारा पूरक प्रोग्राम) कोणी लिहिला, तर तारकाचिन्हांची गरजच उरणार नाही. मूडलचा स्रोत खुला असल्यामुळे हे काम संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला साजेसे आहे, आणि चाचणीसाठी आमच्या दोन सत्रांतील उत्तरे, विद्यार्थ्यांची नावे काढून, देण्याची माझी तयारी आहे.