थ्रॉटल बॉडी धुवायची की बदलायची?

पेडल दाबलं आणि गाडीने ऐकलंच नाही, अशी तक्रार घेऊन गेलात की दोनपैकी एक उत्तर मिळतं. दोन्हींचा रोख थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे पेडलच्या इशाऱ्यावर इंजिनात हवा सोडणाऱ्या मोटरवाल्या झडपेवर. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "कार्बन धरलाय, साफ करून देतो." सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "असेंब्लीच बदलावी लागेल." एकाचे ८०० रुपये, दुसऱ्याचे माझ्या गाडीसाठी मजुरीसकट १३,००० च्या आसपास. नऊ वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकवर मी दोन्ही उपाय केलेत. सफाई दोनदा, बदल एकदा.

सफाईला नावं ठेवणार नाही. इंजिनातली तेलकट वाफ परत आत ओढली जाते आणि झडपेच्या कडेला काळं कडं धरतं, हे खरंच आहे. पहिल्या सफाईनंतर एसी लावून सिग्नलला उभी असताना गाडी बंद पडायची ती थांबली. पेडलचा सुरुवातीचा अडखळलेपणा गेला. तुमची तक्रार एवढीच असेल तर पुढचं न वाचता साफ करून घ्या. फक्त कार्ब्युरेटर धुवायचा स्प्रे मारू देऊ नका. बऱ्याच झडपांच्या कडेला पातळ लेप असतो, तो जातो. आणि किल्ली चालू असताना झडप बोटाने ढकलू देऊ नका, आतल्या प्लास्टिकच्या गिअरचा (आणि बोटाचा) भरवसा नाही. सफाईनंतर तीन-चार दिवस माझी गाडी उभ्या जागी १,५०० आरपीएमवर घुमत होती. मळकट झडपेच्या हिशोबाने ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) जी सवय लागलेली असते ती मोडायला वेळ लागतो. स्कॅनरने ती पुसून घेतली की हा त्रास वाचतो, पण ८०० रुपयांत तेवढं कुणी करत नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात, मागे ट्रक, आणि पेडल मेलं. तळाला टेकवलं तरी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती. कडेला घेतली, किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली, तर जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली तर तिथे शहाण्या पोरासारखी चालली. मेकॅनिकला काही सापडलं नाही, म्हणून त्याने पुन्हा साफ केली. दाखवायला गेलं की दुखणं गायब, या एका गोष्टीने माझे चार महिने खाल्ले. पैशाचं सोडा, पण घाट आला की पोटात गोळा यायचा आणि बायको मागच्या सीटवरून विचारायची, "आज चालेल ना?"

शेवटी ९०० रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा) घेऊन डॅशच्या कप्प्यात टाकला. पुढच्या वेळी किल्ली बंद करायच्या आधी कोड वाचला: पी२१३५. थ्रॉटल बॉडीत झडप किती उघडी आहे ते सांगणारे दोन सेन्सर असतात आणि ईसीयू दोघांची साक्ष ताडून बघतो. ती जुळली नाही की तो झडपेची मोटर सोडून देतो, स्प्रिंग झडप जेमतेम किलकिली ठेवते आणि तेवढ्यावर तुम्ही रखडत घर गाठायचं. म्हणजे घाटात गाडीने हात टेकले नव्हते, ती सावध झाली होती. घरी इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून पेडल हळूहळू दाबत मोबाईलवर आलेख पाहिला. पेडलची रेघ गुळगुळीत, थ्रॉटलच्या एका सेन्सरची ठरावीक जागी खाली आपटायची. जुन्या रेडिओचं आवाजाचं गोल बटण एकाच जागी खरखरायचं, तसंच. सेन्सरचं टोक ज्यावरून सरकतं तो आतला ट्रॅक घासला होता. तो स्प्रेने कसा भरून येणार?

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत चुंबकावर चालणारे, न घासणारे हॉल सेन्सर असतात. कोड पी२१३८ आला तर संशयित पेडलमधले सेन्सर आहेत. तेव्हा थ्रॉटल बॉडी धुणं आणि बदलणं दोन्ही वाया, पेडल बदला. ते बहुतेक गाड्यांत दोन-तीन नट आणि एका कनेक्टरचं काम असतं. पी२१३५ आला तरी आधी कनेक्टर काढून पिना बघा, वायर हलवून बघा. मी पिना साफ करून पाहिल्या, फरक पडला नाही.

मधला मार्ग म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी असेंब्ली आणायचा सल्लाही मिळाला. अर्ध्याहून कमी पैसे. पण घासलेल्या ट्रॅकच्या जागी दुसऱ्या कुणाचा घासलेला ट्रॅक बसवायचा, हे मनाला पटेना.

नवी बसवून वर्ष होत आलं. बसवल्यावर स्कॅनरने ईसीयूला तिची ओळख करून द्यावी लागली, दहा मिनिटांचं काम. एवढा खर्च नको वाटत असेल तर एक सफाई जरूर करून बघा. पण पेडल पूर्ण मरत असेल आणि किल्ली फिरवल्यावर जिवंत होत असेल, तर दुसऱ्या सफाईचे ८०० मी तरी स्कॅनरसाठी ठेवले असते.

जुनी असेंब्ली माळ्यावर पडून आहे. दोनदा धुतल्यामुळे आतून अगदी लखलखीत.