शार्पकीज: फॉरमॅट मारल्यावर मुक्या झालेल्या बटणांसाठी

लॅपटॉप फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली की वायफाय येतं, आवाज येतो, पण वरच्या रांगेतली आवाज कमी-जास्त करायची, गाणं थांबवायची बटणं कधीकधी मुकी होतात. यावर हमखास सुचवलं जाणारं, एका बटणाला दुसऱ्याचं काम देणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे शार्पकीज. कामाचं आहे, पण सगळ्या बटणांना लागू पडत नाही.

त्याआधी एक फुकटची तपासणी. लेनोवो आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की वरची रांग एफ१–एफ१२ आणि मीडिया बटणं यांत अदलाबदल करते. एचपीमध्ये हीच सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडायच्या सेटिंग्जमध्ये) ‘अ‍ॅक्शन कीज मोड’ नावानं सापडते. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

नाही मिटली, तर बटण कोणत्या वाटेनं विंडोजपर्यंत जातं ते बघायचं. आवाजाची आणि गाण्याची बटणं साधारणपणे कीबोर्डच्याच वाटेनं कोड पाठवतात: म्यूट ई०_२०, आवाज कमी ई०_२ई, जास्त ई०_३०, प्ले-पॉज ई०_२२, पुढचं गाणं ई०_१९, मागचं ई०_१०. हे विंडोजला मुळातच कळतात, कंपनीचं काही टाकावं लागत नाही. माइक बंद करायचं, टचपॅडचं किंवा कंपनीचं खास बटण मात्र बरेचदा एसीपीआयच्या (हार्डवेअर आणि विंडोज यांच्यातल्या वेगळ्या इशाऱ्यांच्या) वाटेनं येतं आणि ते ऐकणारा फक्त कंपनीचा ड्रायव्हर असतो. फॉरमॅटमध्ये तो गेला की बटण दाबा नाहीतर ठोका, सारखंच. ब्राइटनेसचं दुखणं वेगळं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसत असेल तर आधी ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाका.

ही वाट ओळखायला शार्पकीजच उपयोगी पडतं, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण हाच. ‘अ‍ॅड’, मग ‘टाइप की’ दाबायचं आणि मुकं बटण दाबायचं. चौकटीत कोड उमटला तर बटण आपल्या हातातलं आहे: डावीकडे तो कोड, उजवीकडे हवं ते काम, ‘राइट टू रजिस्ट्री’ आणि रीस्टार्ट. काहीच उमटलं नाही तर शार्पकीज बंद करा, ते इथे काही करू शकत नाही.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचं ‘अननोन डिव्हाइस’ शोधा. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीपीसी२००४ असेल तर लेनोवो आयडियापॅडचा ड्रायव्हर राहिलाय, एलईएन०२६८ म्हणजे थिंकपॅडचा. असूसच्या नव्या मॉडेलांना ‘असूस सिस्टम कंट्रोल इंटरफेस’ लागतो, जुन्यांना ‘एटीके पॅकेज’. आपल्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून तेवढंच उतरवा. सोबतच्या डझनभर युटिलिटी टाकायची गरज नसते.

बटणच मेलेलं असेल तर दुसऱ्या बटणाला त्याचं काम देता येतं. लोक एफ११, एफ१२ बळी देतात आणि मग ब्राउझरमध्ये पूर्ण पडदा होत नाही म्हणून रडतात. उजवं कंट्रोल बरं. एफएन मात्र बदलता येत नाही, ते लॅपटॉपच्या आतला कंट्रोलरच परस्पर हाताळतो.

शार्पकीज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद लिहून मोकळं होतं. मागे काही चालू राहत नाही, म्हणून लॉगिनच्या पडद्यावरही बटण चालतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत संचातला कीबोर्ड मॅनेजर तिथे चालत नाही, पण ‘कंट्रोल आणि बाण’ अशी जोडबटणं त्यालाच जमतात, शार्पकीजला नाही. आणखी एक खोट: बदल सगळ्या कीबोर्डांना लागतो. बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडला की त्याचंही उजवं कंट्रोल आवाजच वाढवणार.

पुढच्या फॉरमॅटमध्ये हे सगळं पुसलं जाईल, म्हणून आधीच ‘सेव्ह कीज’नं फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. ती फाइल रजिस्ट्रीतून हातानं काढणार असाल तर ‘कीबोर्ड लेआउट’ या फोल्डरातली ‘स्कॅनकोड मॅप’ ही नोंद घ्या. खालोखालच ‘कीबोर्ड लेआउट्स’ आहे, एका अक्षराचा फरक, आणि तिथे ही नोंद नसते. ड्रायव्हरांसाठी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच साधनाची ‘एक्सपोर्ट-ड्रायव्हर’ आज्ञा तारांकन आणि फोल्डरचा पत्ता देऊन चालवा, बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर एकगठ्ठा निघतात. परत टाकताना ‘अ‍ॅड-ड्रायव्हर’ला ‘सबडर्स’ (आतले फोल्डरही बघ) आणि ‘इन्स्टॉल’ हे दोन्ही जोडा. ‘इन्स्टॉल’ विसरलात तर ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात जाऊन पडतो, पण उपकरणाला लागत नाही. यात कंपनीचं अ‍ॅप येत नाही. त्यामुळे बटण चालू झालं तरी पडद्यावर चिन्ह उमटत नसेल, तर ते अ‍ॅप वेगळं टाकावं लागेल.