ऑफिसच्या वाचनकट्ट्याला भिलार कितपत मानवतं?

ऑफिसातला वाचनकट्टा दोन-तीन महिन्यांत थंडावतो, कारण सगळ्यांना एकच जाडजूड कादंबरी लावलेली असते. निम्मे पन्नासाव्या पानावर अडलेले, दोघांची वाचून संपलेली आणि साहेबांनी अजून उघडलेलीच नाही. ही सवय घेऊन भिलारला गेलात तर दिवस फुकट जाईल.

पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. शासनाने सुरुवात २५ ठिकाणांनी केली. कुठे कुणाचं घर, कुठे लॉज, कुठे देऊळ, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा साहित्यप्रकार: कथा एकीकडे, संतसाहित्य दुसरीकडे, दिवाळी अंक तिसरीकडे. वाचायला पैसे पडत नाहीत, पण पुस्तक तिथेच ठेवून यायचं. (कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली, फक्त तिथे पुस्तकांची दुकानं आहेत.) एका पुस्तकाच्या बारा प्रती मिळतील, ही आशा सोडा.

कट्ट्याला ही अडचणच पथ्यावर पडते. बारा जण असतील तर चार-चारांच्या तीन तुकड्या करा आणि प्रत्येकीला एकेक घर द्या. तुकडीत स्टोअर, अकाउंट्स, शॉपफ्लोअर अशी सरमिसळ हवी, नाहीतर जेवणाच्या डब्याभोवती रोज बसणारीच टोळकी इथेही जमतात. दहा ते बारा वाचन. प्रत्येकाने पंधरा-वीस पानांची एकच कथा किंवा लेख घ्यावा. कादंबरीला हात लावू नये, ती अर्धवटच राहते. दिवाळी अंकांचं घर नवख्यांना सगळ्यात सोपं, छोटा मजकूर भरपूर. उठण्याआधी पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान वहीत टिपून ठेवायचं.

जेवणानंतर सगळे एकत्र. प्रत्येकाने पाच मिनिटांत आपलं वाचलेलं सांगायचं. बारा जणांचा तास होतो. ते दुसऱ्या कुणी वाचलेलं नसल्यामुळे लोक खरोखर ऐकतात. ‘तुम्ही वाचलंत का?’ हा अवघड प्रश्नच उरत नाही, आणि ऑपरेटर सांगताना मॅनेजरला गप्प बसावं लागतं. सुरुवातीला साहेबांचं भाषण ठेवू नका. सक्तीची हजेरी तर नकोच.

बिघडतं ते बहुतेक नियोजनात. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्या तुंबतात, म्हणून साताऱ्याहून निघणाऱ्यांनी सकाळी साडेसातच्या आत शहर सोडावं. वाईत थांबायचं ते परतताना. जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, ऐनवेळी बारा ताटं कुणी मांडायची? ही नांदती घरं आहेत: चपला बाहेर, आवाज बेताचा, घरच्यांच्या जेवणवेळी उठायचं. जून ते सप्टेंबर धुकं आणि मुसळधार पाऊस, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना माणसं आणि वह्या दोन्ही भिजतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, स्ट्रॉबेरीही असते, गर्दीही.

चाळीस जणांची बस भरून नेण्याची ही जागा नव्हे. घरच्या बैठकीच्या खोलीत तेवढे मावत नाहीत, मग निम्मे बाहेर फोटो काढत फिरतात. त्यांना पाचगणीचं टेबललँड पठार बरं. पंधराच्या आतल्या कट्ट्याने मात्र वर्षातून एकदा जरूर जावं, आणि परतल्यावर वहीतली नावं घेऊन त्याच आठवड्यात नगर वाचनालय गाठावं.