४८० चौरस मीटरचा प्लॉट, त्यातले ६० रस्त्याचे

दादा आणि मी मिळून एक प्लॉट घेतला. जोडून दोन घरं, मधे एक सामाईक भिंत, आई कधी इकडे कधी तिकडे, एवढंच डोक्यात होतं. आज तिथे एकच घर उभं राहतंय, आणि तेही दाखवलेल्या चित्रापेक्षा बरंच लहान. विकणाऱ्याने आम्हाला जागेचं एकही माप खोटं सांगितलं नव्हतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितेय. माप खोटं असतं तर आम्ही तिथल्या तिथे पकडलं असतं.

प्लॉट कोपऱ्याचा. टेपचं एक टोक त्याने माझ्याच हातात दिलं. "ताई, तुम्हीच धरा, म्हणजे मनात शंका राहायला नको." कुंपणापासून कुंपणापर्यंत रुंदी २० मीटर, खोली २४. एकूण ४८०. दोन कुटुंबांच्या जोडघराला तिथे किमान ४५० चौरस मीटरचा प्लॉट लागतो, हेही त्यानेच सांगितलं आणि ते खरं होतं. मग घडी घातलेला नकाशा उघडला. समोर साडेचार मीटर, मागे तीन, दोन्ही बाजूंना दोन-दोन सोडायचे; आत १६ बाय साडेसोळा, म्हणजे २६४ चौरस मीटर बांधायला मोकळे. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रस्तावित' असं लिहिलेलं होतं. आम्ही ते 'मंजूर' असल्यासारखं वाचलं.

खरेदीखत झाल्यावर आम्ही वास्तुविशारद बाईंकडे गेलो. हा क्रमच उलटा होता, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. त्यांनी प्लॉटचे कागदही न बघता आधी विकास आराखडा टेबलावर पसरला आणि समोरच्या रस्त्यावर बोट ठेवलं. रस्ता आज सहा मीटरचा, आराखड्यात बारा मीटरचा. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीन-तीन मीटर वाढणार. म्हणजे आमची समोरची २० मीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्टी कागदावर आमची, पण नियमाच्या हिशेबात रस्त्याची. तिथल्या नियमावलीत किमान क्षेत्र मोजताना ही पट्टी वजा होते. ४८० मधून ६० गेले, राहिले ४२०. जोडघर तिथेच संपलं. दादा काही बोलला नाही, फक्त कॅल्क्युलेटरवर तोच गुणाकार दोनदा करून बघितला.

पुढचा फटका सामासिक अंतराचा, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेचा. समोरचे साडेचार मीटर आम्ही कुंपणापासून धरले होते. नियम ते रुंदीकरणाच्या रेषेपासून धरतो. कुंपण आज कुठे आहे, डांबर कुठे संपतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. शिवाय प्लॉट कोपऱ्याचा, म्हणजे रस्ता दोन बाजूंना, आणि अनेक नियमावल्यांत अशा प्लॉटची रस्त्याकडची दुसरी बाजूही 'समोरची' धरतात. तिथे दोन मीटर पुरत नाहीत, साडेचारच सोडावे लागतात. रुंदीतून साडेचार आणि दोन गेले, राहिले साडेतेरा. खोली आता २१, त्यातून साडेचार आणि तीन गेले, पुन्हा साडेतेराच. २६४ ऐवजी १८२ चौरस मीटर आणि वर थोडं. ज्या कोपऱ्यासाठी आम्ही जास्त पैसे मोजले, त्याच कोपऱ्याने अडीच मीटर रुंदी खाल्ली.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते उंचीचं, कारण वरची दोन्ही मापं कागदावरून निघाली असती, हे मात्र मुद्दाम जमिनीत पुरलेलं होतं. आम्ही पाहिला तेव्हा प्लॉट तळहातासारखा सपाट होता. तीन मजले, एकूण ९.६ मीटर, मर्यादा १० मीटर. आरामात बसत होतं. मोजणीदार आला आणि मागच्या कुंपणाजवळच्या झाडापाशी थांबला. "मॅडम, हे खोड बघा." खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं. झाडाचा बुंधा जमिनीपाशी पसरतो, मुळांचा फुगवटा दिसतो, तो इथे कुठेच नव्हता. शेंड्याकडची पानंही वाळायला लागली होती. त्याने शेजारी खड्डा घेतला. वरची माती मुरमाड, भुसभुशीत, त्यात विटांचे तुकडे. जवळजवळ १.८ मीटर खाली काळपट मातीचा थर लागला आणि त्यात जुन्या गवताच्या मुळ्या. खरी जमीन ती होती. प्लॉट मुळात मागे उतरता होता, विकण्याआधी भराव टाकून सपाट केलेला.

उंची कुठून मोजायची हे प्रत्येक ठिकाणची नियमावली आपल्यापुरतं ठरवते. कुठे रस्त्याच्या पातळीपासून, कुठे इमारतीच्या कोपऱ्यांपाशी असलेल्या जमिनीच्या सरासरीपासून. आमच्याकडे ही सरासरी भराव पडण्याआधीच्या जमिनीची धरतात, नाहीतर कुणीही माती टाकून मजले वाढवेल. आमच्या इमारतीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांखाली अर्धा मीटर भराव होता, मागच्या दोन कोपऱ्यांखाली दीड. सरासरी एक मीटर. ९.६ चे १०.६ झाले आणि तिसरा मजला गेला.

वरचं टोकही असंच. सपाट गच्ची एक, उतरतं छप्पर वेगळं: कुठे आढ्यापर्यंत मोजतात, कुठे वळचण आणि आढं यांच्या मध्यापर्यंत. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली बऱ्याच ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंत उंचीत धरत नाहीत. हे आजचं नाही. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात ८० फुटांची मर्यादा होती आणि छपरातले दोन मजले व शोभेचे मनोरे त्यातून वगळले होते. नुसता '८०' हा आकडा तिथेही पुरेसा नव्हता.

आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. आवाज न चढवता तो म्हणाला, "मी काय खोटं बोललो, दादा? टेप घेऊन या, जागा ४८० च भरेल." भरावाबद्दल विचारलं तर म्हणाला, तुमच्यासाठीच सपाट करून दिली. वकिलांनी खरेदीखतातली एक ओळ दाखवली: 'जागा प्रत्यक्ष पाहून, मापे व स्थिती समजून घेऊन'. खाली आमच्या दोघांच्या सह्या. ओळ तशी नेहमीचीच, पण तिने आमची बाजू फार दुबळी केली.

तुम्ही जागा बघत असाल तर टोकन देण्याआधी नियोजन कार्यालयात लेखी अर्ज करा. प्लॉटला लागून प्रस्तावित रस्ता किती रुंद आहे आणि त्याची रेषा आत किती येते, किमान क्षेत्राला एकूण जागा धरतात की रस्ता वजा करून, कोपऱ्याच्या प्लॉटला 'समोर' किती बाजू, अंतर भिंतीपर्यंत धरतात की बाहेर आलेल्या सज्जापर्यंत, उंची कोणत्या जमिनीपासून, हे सगळं विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका. मोजणीदार तुमचा असू द्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि त्याच्याकडून जमिनीच्या पातळ्याही घ्या, नुसत्या हद्दी नकोत. टोकन द्यावंच लागलं, तर ठरलेलं बांधकाम नियमात बसत नसेल तर पैसे परत, हे करारात लिहून घ्या. 'समजून घेतले' ही ओळ, खरंच समजलं नसेल, तर खोडायला लावा.

शेजारचा तुकडाही त्याच माणसाचा आहे. गेल्या महिन्यात तिथे मातीचे डंपर यायला लागले. रविवारी एक जोडपं बघायला आलं होतं, ती टेपचं टोक धरून उभी होती. विकणारा गाडीकडे गेला तेव्हा मी कुंपणापाशी जाऊन तिला मागचं झाड दाखवलं आणि आमच्या मोजणीदाराचा नंबर दिला.